जगज्जेतेपदाच्या जोड्या : सगळ्यात मोठी कोणती?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सरळ विचारतो. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या इतिहासात सगळ्यात मोठी जोडी कुठली? बरेच जण फिशर-स्पास्की म्हणतील. १९७२ चा रेक्याविकचा सामना मलाही प्रिय आहे. पण माझं मत वेगळं आहे. हरल्यावरही ज्यांना पुन्हा समोरासमोर बसावं लागलं, त्यांचीच जोडी मोठी. एकदा जिंकलं म्हणजे त्या दोन महिन्यांत एक जण दुसऱ्यापेक्षा बरा खेळला, एवढंच. हरलेला माणूस घरी जाऊन स्वतःच्या डावांची चिरफाड करतो, परत येतो, आणि जिंकलेल्याला त्याला पुन्हा तोंड द्यावं लागतं. कोण किती पाण्यात आहे ते तेव्हा कळतं.

म्हणून माझं उत्तर कार्पोव्ह-कास्पारोव्ह. १९८४ ते १९९० मध्ये जगज्जेतेपदासाठी पाच सामने, १४४ डाव. कास्पारोव्हने २१ जिंकले, कार्पोव्हने १९, उरलेले १०४ बरोबरीत. इतकी वर्षं झुंजून शेवटी फरक दोन डावांचा!

आणि सगळ्यात मोठी हळहळ कॅपाब्लांका-अलेखाइन जोडीची. १९२७ ला ब्यूनोस आयर्सला बसण्याआधी अलेखाइनने कॅपाब्लांकाविरुद्ध एकही डाव जिंकलेला नव्हता. इथे पहिलाच डाव त्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. ३४ डाव चालले, अलेखाइन ६, कॅपाब्लांका ३, बरोबरी २५. त्यातल्या ३२ डावांत वजिराचा नकार-डाव, एकाच सुरुवातीवर दोघं तुटून पडलेले. त्यानंतर परतीचा सामना झालाच नाही. पैशांची अट, तारखा, पत्रापत्री यांतच तो अडकला. अलेखाइन १९२९ आणि १९३४ मध्ये बोगोल्युबोव्हशी खेळला, कॅपाब्लांकाशी नाही. १९४२ मध्ये कॅपाब्लांका गेला, १९४६ मध्ये अलेखाइन, आणि प्रश्न तसाच राहिला.

तुमचं काय मत?

भुसावळ जंक्शन

गिरणाकाठ, कार्पोव्ह-कास्पारोव्हला माझं पूर्ण अनुमोदन. मी तेव्हा रेल्वेत होतो. १० सप्टेंबर १९८४ ला मॉस्कोला सामना सुरू झाला आणि आम्ही रनिंग रूममध्ये पेपरातला कोपऱ्यातला मजकूर वाचून पट मांडायचो. अट अशी की सहा डाव आधी जिंकेल तो जगज्जेता, बरोबरी मोजायची नाही. नऊ डावांत कार्पोव्ह ४-० ने पुढे. सगळे म्हणाले, झालं, हे पोरगं गेलं. मग सलग सतरा डाव बरोबरीत! सत्ताविसावा कार्पोव्हने जिंकला, ५-०. आता एकच डाव हवा होता, आणि तो एक डाव त्याला शेवटपर्यंत मिळाला नाही.

बत्तिसाव्या डावात कास्पारोव्हचा पहिला विजय. मग पुन्हा बरोबऱ्यांची रांग. आणि सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हे दोन्ही डाव कास्पारोव्हने लागोपाठ घेतले. ५-३. कार्पोव्ह वाळून गेला होता, दहा किलो वजन उतरल्याचं तेव्हा छापून आलं. आणि १५ फेब्रुवारी १९८५ ला जागतिक संघटनेचे अध्यक्ष काम्पोमानेस यांनी सामनाच थांबवला. निकाल नाही.

आपल्याकडे जत्रेच्या दंगलीत पंचांनी कुस्ती सोडवली की आखाडा कसा चवताळतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तसंच झालं. मला अजून वाटतं की तो सामना पुढे चालू द्यायला हवा होता. थकलेल्या कार्पोव्हवर दया म्हणून थांबवला म्हणावं, तर पुढे असलेला तोच होता. कास्पारोव्हच्या भल्यासाठी म्हणावं, तर दोन डाव लागोपाठ जिंकून तो भरात आला होता आणि त्याला खेळायचंच होतं.

धुळ्याची ताई

काका, तुमचा प्रतिसाद फार आवडला. पण थांबवण्याबद्दल माझं मत निराळं आहे. अठ्ठेचाळीस डावांनंतर पटावर जे दिसत होतं त्यात बुद्धिबळ किती आणि कोण आधी कोसळतो याची परीक्षा किती? त्यातूनच पुढे चोवीस डावांची मर्यादा परत आली, आणि १९८५ चा सामना कितीतरी चांगला झाला. १३-११ (विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा). कास्पारोव्ह बावीस वर्षांचा जगज्जेता.

गिरणाकाठ दादांच्या मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. परतीचा सामना म्हणजेच मोठेपण, असं धरलं तर फिशर बाहेर पडतो. पहिला डाव त्याने बरोबरीच्या स्थितीत उंटाने एचच्या रांगेतलं प्यादं खाऊन घालवला, तो उंटच अडकला. दुसऱ्या डावाला आलाच नाही. ०-२. तिथून १२.५-८.५! असं पुन्हा कुणाला जमलं आहे? आणि स्पास्कीचं मन किती मोठं ते पाहा. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या खोलीत खेळायला तो तयार झाला. नाही म्हणाला असता तर फिशर बहुधा विमान पकडून परत गेला असता आणि स्पास्की जगज्जेता राहिला असता. सहाव्या डावात फिशरने नेहमीची राजासमोरच्या प्याद्याची चाल सोडून वजिराचा डाव खेळला, इतका सुंदर की हरलेल्या स्पास्कीने प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या. मला ही जोडी या टाळ्यांसाठी मोठी वाटते.

गिरणाकाठ

ताई, स्पास्कीबद्दल एकेक अक्षर मान्य. २००४ मध्ये फिशरला जपानमध्ये अटक झाली, तेव्हा स्पास्कीने अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं : मलाही अटक करा, त्याच्याच कोठडीत ठेवा आणि आम्हाला एक पट द्या. असा प्रतिस्पर्धी मिळायला भाग्य लागतं.

पण १९७५ चं काय? कार्पोव्ह आव्हानवीर म्हणून उभा होता. फिशरने अटी घातल्या : दहा विजयांपर्यंत सामना, डावांची मर्यादा नाही, आणि ९-९ झालं तर जगज्जेतेपद फिशरकडेच. पहिल्या दोन मान्य झाल्या, तिसरी नाही. त्या अटीचा अर्थ असा की आव्हानवीराला किमान १०-८ ने जिंकावं लागणार. फिशर आला नाही आणि एप्रिल १९७५ मध्ये कार्पोव्ह एकही प्यादं न हलवता जगज्जेता झाला. यात नुकसान सगळ्यात जास्त कार्पोव्हचं झालं. पुढची दहा वर्षं तो जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्पर्धेत खेळत राहिला, जिंकत राहिला, कारण त्याला आपण खरे जगज्जेते आहोत हे दाखवून द्यायचं होतं.

फिशर १९९२ ला स्पास्कीशी युगोस्लाव्हियात पुन्हा खेळला आणि जिंकला, हे खरं. पण वीस वर्षांनी, आणि तोवर जगज्जेता कास्पारोव्ह होता. तो परतीचा सामना मी धरत नाही.

सातपुडा (शहादा, सध्या पुणे)

भाऊ, हाऊ धागा भारी शे! वाचनखूण साठवली.

कोर्चनॉयला कुणीच आठवत नाही का? १९७८, फिलिपिन्समधलं बागिओ. कोर्चनॉय दोन वर्षांपूर्वी सोव्हिएत संघ सोडून गेलेला, बायको-मुलगा तिकडेच अडकलेले. समोर कार्पोव्ह, त्याच देशाचा लाडका. प्रेक्षकांत बसून कोर्चनॉयकडे एकटक पाहणारा मानसशास्त्रज्ञ, कोर्चनॉयचा आरशासारखा चष्मा, दह्याच्या वाटीवरून तक्रार... लोक एवढंच सांगतात. खेळाबद्दल कुणी बोलत नाही. सत्तावीस डावांनंतर कार्पोव्ह ५-२ ने पुढे, एक विजय बाकी. कोर्चनॉयने अठ्ठाविसावा, एकोणतिसावा आणि एकतिसावा डाव जिंकून ५-५ केलं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस! बत्तिसावा कार्पोव्हने घेतला आणि संपलं.

आणि हो, दादांच्या नियमात तो बसतोही. १९८१ ला मेरानोमध्ये ते परत भेटले. कार्पोव्ह ६-२.

तिरका उंट (जळगाव)

जळगावात मुलांना शिकवतो, म्हणून पटावरचं थोडं लिहितो. १९८५ चा सोळावा डाव मी प्रत्येक नव्या तुकडीला दाखवतो. कास्पारोव्ह काळा. सिसिलियन बचाव या सुरुवातीत त्याने आठव्या चालीला डी५ घरावर प्यादं सरकवून ते देऊ केलं. कार्पोव्हने ते घेतलं. सोळाव्या चालीला काळा घोडा पांढऱ्याच्या पोटात, डी३ घरावर येऊन बसला. पांढऱ्याचे दोन्ही घोडे वजिराच्या बाजूला कडेला पडलेले, हत्तींना मोकळी फळी नाही, आणि त्या घोड्याला उठवायला कुणीच नाही. कार्पोव्हसारखा माणूस, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना असंच गुदमरवलं, त्याला त्याच्याच पद्धतीने. चाळिसाव्या चालीला डाव संपला.

मुलांना मी सांगतो की मोहऱ्याची किंमत पुस्तकात लिहिलेली असते तेवढीच नसते. त्या डावात त्या घोड्याची किंमत हत्तीहून जास्त होती.

प्यादं नं. ५ (अमळनेर)

सर, मी अकरावीत आहे. तो डाव मी संगणकावर लावून पाहिला. इंजिन म्हणतं की पांढऱ्याला प्यादं मिळाल्यावर फायदा आहे. मग कास्पारोव्हची चाल चुकीची होती का?

तिरका उंट

छान प्रश्न. इंजिन बरोबर आहे. बाराव्या चालीला कार्पोव्हने किल्लेकोट केला, तिथे उंट ई३ वर आणायला हवा होता. मग काळ्याला प्याद्याचा मोबदला पुरेसा मिळत नाही. आणि ही चाल पटावर खेळून दाखवली कुणी? कार्पोव्हनेच. १९८६ मध्ये ब्रसेल्सला, व्हान डर विलविरुद्ध. तोवर जगज्जेतेपद गेलं होतं, पण त्याने त्या डावाचा पाठलाग सोडला नाही.

एक लक्षात घे, कास्पारोव्हने ही प्याद्याची चाल त्याच सामन्यात बाराव्या डावातही खेळली होती आणि डाव लवकर बरोबरीत सुटला होता. म्हणजे कार्पोव्हकडे विचार करायला वेळ होता. तरी घड्याळ चालू असताना समोर कास्पारोव्ह बसलाय, तेव्हा सापडणं आणि घरी निवांत सापडणं यात फरक आहेच.

गिरणाकाठ

सर, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही चालींत सांगितलंत. कार्पोव्हला ही उंटाची चाल शोधावी लागली, कारण त्याला पुन्हा त्या माणसासमोर बसायचं होतं.

आता १९८७ चं सेव्हिल. सामना ११-११. तेविसावा डाव कास्पारोव्ह भयंकर चुकून हरला. आता चोविसावा जिंकला तरच १२-१२ होऊन जगज्जेतेपद राहणार, बरोबरी झाली तरी गेलं. अशा वेळी आपल्यापैकी कुणीही पहिल्या चालीपासून तुटून पडलं असतं. कास्पारोव्हने सी४ घरावर प्यादं सरकवून संथ डाव मांडला. मोहरी मारामारीला आणली नाहीत, पट भरलेला ठेवला, ताण वाढवत नेला. बरोबरी पुरेशी असलेल्या माणसाला सगळ्यात नकोसं काय, तर तासन्‌तास प्रत्येक चालीला नीट विचार करावा लागणं. कार्पोव्ह वेळेच्या अडचणीत आला, एक प्यादं गेलं. डाव दुसऱ्या दिवसावर गेला, आणि १९ डिसेंबरला कार्पोव्हने हार मानली. ही पद्धत कुणाची? कार्पोव्हची! तीन वर्षांपूर्वी मॉस्कोत कास्पारोव्हला हे जमलं नसतं. १४४ डावांनी या दोघांना एकमेकांचा खेळ शिकवला.

धुळ्याची ताई

हे वाचून माझं मन वळतंय, दादा. सेव्हिलच्या त्या डावाबद्दल मी असा विचार केला नव्हता.

पण धाग्यात अजून एकाही बाईचं नाव आलेलं नाही. नोना गाप्रिंदाश्विली १९६२ पासून १९७८ पर्यंत जगज्जेती होती. तिला हरवलं ते सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेने, तीही जॉर्जियाचीच. मग माया १९९१ पर्यंत. एका छोट्याशा प्रदेशात जवळजवळ तीस वर्षं मुकुट राहिला. जॉर्जियात मुलींच्या हाती पट लहानपणीच येतो, त्याला ही जोडी कारण आहे.

आणि २०२५ च्या जुलैत त्याच जॉर्जियात, बातुमीला, विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दोन भारतीय बाया समोरासमोर. कोनेरू हम्पी अडतीस वर्षांची, आपली नागपूरची दिव्या देशमुख एकोणीस. हम्पी ग्रँडमास्टर झाली २००२ मध्ये, दिव्याचा जन्म २००५ चा. दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत, मग जलद डावांत पहिला बरोबरीत आणि दुसरा दिव्याने जिंकला. त्या विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. आमच्या शाळेतल्या मुलींना मी हे डाव फळ्यावर काढून दाखवले. हे जगज्जेतेपद नव्हे, विश्वचषक आहे, हे मला ठाऊक आहे. पण पुढच्या जोड्या इथूनच निघणार.

भुसावळ जंक्शन

ताईंना अनुमोदन. आपल्या महाराष्ट्रात बायकांच्या बुद्धिबळाची परंपरा जुनी आहे. १९७४ मधली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. मग जयश्री आणि रोहिणी, तिघी सख्ख्या बहिणी. रोहिणी पुढे आशियाई विजेत्या. आमच्या काळी घरात मुलीला पटावर बसू द्यावं म्हणून या तिघींचं नाव सांगितलं जाई, आणि ते कामाला येई.

तापीचं पाणी (चोपडा)

थोडं अवांतर. आमच्या आजोबांच्या पिढीत पारावर देशी पद्धतीचं बुद्धिबळ चाले. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, किल्लेकोट नाही, राजाला आयुष्यात एकदा घोड्याची अडीच घरं चालता येत. डाव सावकाश फुलायचा. याच पद्धतीत वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान विलायतेला गेला, तिकडचे नियम शिकला आणि १९२९, १९३२, १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कॅपाब्लांकाला हरवलं! मग १९३३ ला त्याच्या मालकाबरोबर परत आला आणि मोठं बुद्धिबळ सुटलं. ग्रँडमास्टर किताब त्याला २०२४ मध्ये मिळाला, मरणोत्तर. जगज्जेतेपदाच्या जोड्यांत ज्यांना जागा मिळायला हवी होती आणि संधीच मिळाली नाही, त्यांत हा पहिला. कॅपाब्लांकाबरोबर त्याचा पूर्ण सामना कुणी लावला असता तर!

गिरणाकाठ

तापीचं पाणी, हे अवांतर नाही, धाग्यातच आहे. किती जोड्या केवळ पैसा आणि परवानगीअभावी राहिल्या.

उलट उदाहरण मॅक्स युवेचं. १९३५ मध्ये त्याने अलेखाइनला हरवलं आणि १९३७ मध्ये लगेच परतीचा सामना दिला. हरला, पण दिला. याच अलेखाइनने कॅपाब्लांकाला दहा वर्षं दिला नव्हता! युवे पुढे जागतिक संघटनेचा अध्यक्ष झाला, आणि १९७२ मध्ये फिशर वेळेवर आला नाही तेव्हा नियम ताणून सामना वाचवला तो त्यानेच. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

सातपुडा

दादा, आता आनंदबद्दल. तुमच्या कसोटीला तो उतरतो का? १९९५ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये कास्पारोव्हविरुद्ध पहिले आठ डाव बरोबरीत, नववा आनंदने जिंकला, मग दहावा कास्पारोव्हने, आणि शेवटी १०.५-७.५ ने हार. परतीचा सामना मिळाला नाही. कार्लसनविरुद्ध २०१३ ला चेन्नईत, स्वतःच्या गावात, ६.५-३.५ ने हरला. सगळ्यांनी त्याला संपलेला धरलं. आणि पुढच्याच वर्षी चव्वेचाळिसाव्या वर्षी आव्हानवीरांची स्पर्धा जिंकून तो पुन्हा कार्लसनसमोर बसला. सोचीत ६.५-४.५ ने हरला, पण सामना शेवटपर्यंत उघडा होता. सहाव्या डावात कार्लसनची राजाची घोडचूक त्याने पकडली असती तर!

गिरणाकाठ

पुरेपूर उतरतो. आनंदचं २०१४ मला त्याच्या काही विजयांपेक्षाही मोठं वाटतं. आणि बॉनचं २००८ विसरू नका. २००७ मध्ये मेक्सिकोत तो स्पर्धा जिंकून जगज्जेता झाला होता, म्हणून काही जण कुरकुरत होते की समोरासमोरचा सामना कुठे जिंकलाय. क्रामनिकला ६.५-४.५ ने हरवून त्याने तो विषय मिटवला. क्रामनिकने २००० मध्ये कास्पारोव्हला हरवलं होतं, कास्पारोव्हला एकही डाव जिंकू न देता, बर्लिन बचावाच्या भिंतीवर. त्यांचाही परतीचा सामना झाला नाही. २००५ ला कास्पारोव्ह निवृत्तच झाला. ही दुसरी अपुरी जोडी.

प्यादं नं. ५

मग गुकेश-डिंग? २०२४, सिंगापूर. पहिला डाव गुकेश हरला, तिसरा जिंकला, अकरावा गुकेशचा, बारावा डिंगचा, आणि चौदाव्यात डिंगने पंचावन्नाव्या चालीला हत्ती चुकीच्या घरावर नेला. ७.५-६.५. गुकेश अठरा वर्षांचा. पण कार्लसनने २०२२ लाच जगज्जेतेपद राखायला खेळणार नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणजे हे पुन्हा १९७५ सारखं झालं ना?

तिरका उंट

थोडंसं. एक मोठा फरक आहे : कार्लसन खेळतोय, स्पर्धांत गुकेशसमोर बसतोय. फिशर गायबच झाला होता. पण जगज्जेतेपदाचा सामना या दोघांत झालेला नाही, त्यामुळे तुझा प्रश्न रास्त आहे. गुकेशवर तेच ओझं आहे जे कार्पोव्हवर होतं, आणि तोही तेच करतोय, खेळत राहतोय. हरतोही, पण बसतोय.

भुसावळ जंक्शन

जाता जाता कार्पोव्ह-कास्पारोव्हबद्दल एक गोष्ट राहिली. २००७ मध्ये कास्पारोव्हला मॉस्कोत निदर्शनांवरून पाच दिवसांची कैद झाली. त्याला भेटायला कार्पोव्ह गेला होता, बुद्धिबळाचं मासिक घेऊन. आत सोडलं नाही. २०१० मध्ये कार्पोव्ह जागतिक संघटनेच्या अध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा कास्पारोव्हने त्याचा प्रचार केला. पटावर इतकी वर्षं एकमेकांचं रक्त आटवलेली ही माणसं.

गिरणाकाठ

काका, ही माहिती दिल्याबद्दल मनापासून आभार.

बोट्विनिकवर मी मुद्दाम लिहिलं नाही, कारण त्याला वेगळा धागा लागेल. १९५७ ला स्मिस्लोव्हकडून हरला, १९५८ ला परत मिळवलं. १९६० ला तेवीस वर्षांच्या तालकडून हरला, १९६१ ला पन्नाशीला टेकलेला असताना १३-८ ने परत मिळवलं. वर्षभर तालचेच डाव घेऊन बसला होता. आणि कार्पोव्ह, कास्पारोव्ह, क्रामनिक हे तिघंही त्याच्याच शाळेत शिकलेले. सर, १९६० चा सहावा डाव, तालने घोडा दिला तो, तुम्ही चालींसकट लिहाल का? मी १९६१ च्या परतीच्या सामन्यातला एखादा निवडतो. रविवारी धागा काढतो.